विमा मुलाच्या जिवावर, घर तुमच्या पगारावर

हातकणंगल्याहून एका वडिलांचं पत्र आलंय. वय ४६, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) मोल्डिंग सुपरवायझर, हातात ३४ हजार. पत्नी घर सांभाळते. घरकर्ज ९ लाख बाकी. मुलाचा मेकॅनिकल डिप्लोमा यंदा झाला. एक खासगी क्लास सहा महिन्यांच्या कास्टिंग सिम्युलेशन (ओतकाम आधी संगणकावर करून बघणं) कोर्सचे साडेतीन लाख मागतोय, वर 'शंभर टक्के प्लेसमेंट'. फीसाठी मुलाची शिक्षण पॉलिसी मोडू की कर्ज काढू, असं ते विचारतात.

दोन्ही नको. पण त्याआधी तुम्ही जोडलेले पॉलिसीचे कागद पुन्हा उघडा. विमा मुलाच्या जिवावर आहे. तुम्ही फक्त हप्ते भरणारे; तुमच्या पश्चात हप्ते माफ होण्याचा रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षणही, घेतलेला नाही. उद्या तुम्हाला काही झालं तर ही पॉलिसी एक रुपयाही देणार नाही, उलट वर्षाचे ६० हजार मागत राहील. एकट्या कमावत्या माणसाला 'मुलाचं भविष्य' म्हणून हे विकलं, याचा मला खरोखर संताप येतो. तुमचा स्वतःचा दुसरा विमा नाही. पीएफसोबत मिळणारा ईडीएलआय हा विमा जास्तीत जास्त ७ लाख देतो. म्हणजे घरकर्जसुद्धा फिटत नाही.

म्हणून याच महिन्यात ५० लाखांचा टर्म प्लॅन, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा, वयाच्या साठीपर्यंत. प्रीमियम वर्षाला पंधरा-वीस हजार धरा. कर्ज फेडून उरलेल्या ४१ लाखांवर ७ टक्क्यांनी महिन्याला चोवीस हजार येतात. घर चालेल.

आता पॉलिसी. एजंटने १२ टक्के परतावा सांगितला होता. बारा वर्षं ६० हजार भरून हमीचे १० लाख, हा हिशेब जेमतेम ५ टक्क्यांचा. तरीही आता मोडू नका. सहा हप्ते गेलेत, ३.६० लाख भरून हातात १.९० येतायत. ते आणि पुढचे सहा हप्ते ७ टक्क्यांच्या ठेवीत टाकले, तर सहा वर्षांनी साडेसात लाखही होत नाहीत. न मोडता दहा. तोटा सुरुवातीलाच होऊन गेलाय, तो पुन्हा कशाला सोसायचा?

राहिला कोर्स. रायझर (जादा धातूचा साठा) कुठे द्यायचा, गेटिंग (धातू साच्यात जाण्याची वाट) कसं ठेवायचं हे स्क्रीनवर दिसतं. पण श्रिंकेज (धातू आकसून पडलेली पोकळी) का आलं, ब्लो होल (वायूचं भोक) साच्याच्या वाळूच्या ओलाव्याने की कोअरच्या (आतल्या पोकळीसाठीच्या गाभ्याच्या) गॅसने, हे रिजेक्शनच्या, म्हणजे नाकारलेल्या मालाच्या, ढिगापाशी उभं राहूनच कळतं. तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. प्लेसमेंटची हमी पगाराच्या आकड्यासह लेखी मागा, देतात का बघा.

मुलाला आधी वर्षभर अॅप्रेंटिस म्हणून लावा, शक्यतो तुमच्या कंपनीत नको. १९६१च्या कायद्याप्रमाणे स्टायपेंड मिळतो, फी लागत नाही. काम आवडलं तर रांचीची १९६६पासूनची केंद्र सरकारची फाउंड्री-फोर्ज संस्था (आताचं नाव एनआयएएमटी) आहे. तिथला फाउंड्रीचा अॅडव्हान्स्ड डिप्लोमा दीड वर्षाचा. त्यासाठी शैक्षणिक कर्ज जरूर काढा. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही. सिम्युलेशन तेव्हा शिकू दे, साच्याला हात लागल्यावर.

आणि टर्म प्लॅनच्या अर्जात वाळूच्या धुळीतलं काम, आणि तंबाखू खात असाल तर तीही, स्पष्ट लिहा. प्रीमियम वाढेल, वाढू द्या. लपवलेल्या गोष्टीवरून क्लेम अडला तर भांडायला तुम्ही नसाल, वहिनी असतील.