खान्देशात नशा इंग्रजांनी आणली का? – थोडं लांबलेलं उत्तर

नंदुरबारकडच्या एका भाऊंनी विचारलंय की, "आपल्याकडे पूर्वी लोक निर्व्यसनी होते, दारू, अफू, गांजा हे सगळं इंग्रजांनी आणलं, असं आजोबा सांगायचे. खरं आहे का?" खाली निम्म्यांनी 'हो' लिहिलंय, उरलेल्यांनी सोमरसाचं नाव घेऊन विषय संपवलाय. मी नोकरीभर सरकारी दवाखान्यात औषधं मोजून दिली, त्यातली बरीच वर्षं सातपुड्याच्या पायथ्याला. त्यामुळे काय घेतलं यापेक्षा किती घेतलं आणि मोजून कुणी दिलं, इकडे माझं लक्ष आधी जातं. उत्तरही त्याच अंगाने देतो.

इंग्रजांच्या आधीचा दाखला हवा असेल तर बऱ्हाणपूरला जा. आज ते मध्य प्रदेशात असलं तरी तेव्हा खान्देशची राजधानी होतं. १६०१ मध्ये असिरगड पडला आणि अकबराने हा मुलूख धाकट्या दानियालला दिला. त्याच्या नावावरून खान्देशचं 'दानदेश' असं बारसंही झालं. हा दानियाल दारूत पार बुडालेला. बापाने तंबी दिली, सासरे अब्दुर्रहीम खानखानान यांनी पहारे बसवले. मग पठ्ठ्याने आपल्या बंदुकवाल्याला गळ घातली आणि बंदुकीच्या नळीत भरून दारू मागवली. त्या बंदुकीवर त्याचा फार जीव होता. तिचं नाव त्यानेच 'यक्का ओ जनाजा' ठेवलेलं, म्हणजे तिची गोळी लागली की थेट तिरडी. नळीतला गंज आणि बारुदाची राख दारूत उतरली, ती पिऊन त्याने अंथरूण धरलं आणि १६०५ मध्ये बऱ्हाणपुरातच गेला. हे सगळं थोरल्या भावाने, जहांगीरने, आपल्या आठवणींत लिहिलंय. आपण स्वतः दिवसाला वीस प्याले रिचवत होतो, हेही त्याच आठवणींत त्याने कबूल केलंय.

इंग्रजांचा हात अगदीच नव्हता असंही नाही म्हणा. १६१५ मध्ये त्यांचा वकील टॉमस रो याच बऱ्हाणपुरात जहांगीरचा मुलगा परवेझ याला भेटला आणि नजराण्यात बाटल्यांची पेटी दिली. शहाजादा त्याच बाटल्यांनी असा झिंगला की ठरलेली पुढची भेट राहूनच गेली. पुढे १६२६ मध्ये परवेझही बऱ्हाणपुरातच दारूपायी गेला.

तंबाखूची गोष्टही दानियालला चिकटलेली आहे. त्याच्यासाठी विजापूरची शहाजादी आणायला असद बेग नावाचा सरदार गेला होता. परतताना त्याने तिथला तंबाखू आणि एक सजवलेली चिलीम आणली आणि अकबरापुढे ठेवली. हकीम नको नको म्हणत असताना बादशहाने दोन-चार झुरके घेतलेच. झाड मूळचं अमेरिकेचं, इकडे आणलं पोर्तुगीजांनी. १६१७ मध्ये जहांगीरने बंदी घातली. ती कुणी किती पाळली, ते आपल्या पारावर नजर टाकली की कळतं. मिसरी लावणाऱ्या आपल्या आज्यांनी तर तंबाखूला कधी व्यसन म्हटलंच नाही.

आता मोहाकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा तिथे आहे. धडगाव, अक्कलकुव्याकडे मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली गेलात तर फुलांचा सडा पडलेला असतो. बायका-पोरं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन हजर. ती फुलं वाळवून ठेवायची, भुकेच्या दिवसांत शिजवून खायची, गुरांना घालायची, बाजारात विकायची आणि काहींची दारू गाळायची. फुलं भिजत घालून आंबवायची, मडकं चुलीवर चढवायचं, वाफ नळीतून दुसऱ्या भांड्यात थंड करायची. पहिली धार जमिनीवर, देवाला आणि पूर्वजांना. मग जमलेल्यांना. लग्न, मयत, पंचांनी मिटवलेलं भांडण, होळी, यातलं काही असेल तेव्हा दारू. आणि ती संपेल तेवढीच, कारण पुढची गाळायला फुलं साठलेली हवीत. पिणारे जास्त पीत नव्हते असं मी म्हणणार नाही. सणाला माणसं गटारात नाही तरी नाल्यात पडलेली मीही पाहिलीत. पण मापटं घरच्या बाईच्या हातात होतं.

इंग्रजांनी हात घातला तो या मापट्याला. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला आणि विनापरवाना घरी गाळणं गुन्हा ठरला. गाळायचं काम सरकारी देखरेखीतल्या भट्ट्यांकडे, विक्री ठेकेदाराकडे, आणि दर थेंबावर कर. ठाणे-कुलाब्यात तर १८९२ च्या कायद्याने मोहाच्या फुलांवरही बंधनं आली. ज्या माणसाने आयुष्यभर स्वतःच्या झाडाची फुलं गाळली, त्याला आता गुत्त्यावर उधारी मांडून प्यावी लागली आणि उधारी धान्याने, प्रसंगी जमिनीने फेडावी लागली. आजोबांना इंग्रज आठवतात ते इथून. आठवण खरी आहे, फक्त तिचं टोक दुसरीकडे आहे.

अफूचं थोडक्यात. माळव्याची अफू इंदूरकडून मुंबईला यायची. रेल्वे येण्याआधी तिचा एक रस्ता सेंधवा घाट उतरून शिरपूर, धुळे असा आपल्याच दारावरून जायचा. इंग्रजांनी पेटीमागे जकात लावली. १८३५ मध्ये ती १२५ रुपये होती. १८४३ मध्ये सिंध हाती आल्यावर कराचीची चोरवाट बंद झाली, मग जकात चढतच गेली, ती १८६० नंतर सहाशेवर पोचली. मुंबईहून माल चीनला. इकडे घरात अफू होती ती रडक्या पोराला झोपवणाऱ्या बाळगोळीत. काळ्या मसाल्यातली खसखस त्याच बोंडातली, पण ती निरुपद्रवी, उगाच घाबरू नका.

गांजाची तर चौकशीच झाली. १८९३-९४ च्या आयोगाने ११९३ साक्षी घेतल्या आणि बंदी नको, कर आणि परवाना ठेवा, असं सांगितलं. तेव्हा सरकारी देखरेखीतला गांजा शेजारच्या खंडव्याकडे पिकत होता. १९८५ च्या कायद्याने गांजा गुन्ह्यात गेला, पानांची भांग मात्र व्याख्येबाहेर राहिली. आता शिरपूर तालुक्यात कपाशी-तुरीच्या आड गांजा सापडल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

औषधवाला म्हणून एक कबुली देतो. नोकरी लागण्याआधी मी एका मेडिकलवर होतो. खोकल्याच्या एका औषधात कोडीन असतं, तेही अफूतलंच. (बायर कंपनीने १८९८ मध्ये हेरॉईन बाजारात आणलं तेही खोकल्यावर म्हणूनच.) तीन-चार पोरं एकच चुरगळलेली चिठ्ठी आलटून पालटून आणायची आणि मी बाटल्या देत राहिलो. कुणीच खोकत नाही, हे माझ्या लक्षात यायला पावसाळा गेला. त्या वेळी मापटं माझ्या हातात होतं.

राहिला 'निर्व्यसनी' हा शब्द. आजोबा तळोद्याकडचे असतील तर तेही खरं असू शकतं. १९३७-३८ च्या सुमारास मोरवडच्या गुलाम महाराजांनी भिल्लांना दारू सोडायला लावली. सोमवारी आरतीला माणसं लोटायची, एकमेकांना 'आप की जय' म्हणायची, अंघोळ करून स्वच्छ राहायची. ना कायदा, ना पोलीस, आणि भट्ट्या थंड पडल्या. १९३८ मध्ये महाराज गेले, पुढे भाऊ रामदास महाराजांनी काम चालवलं. ठेकेदारांना ते किती रुचलं असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

तेव्हा भाऊ, घरात कुणी जुनं माणूस असेल तर विचारून बघा, तुमच्याकडे 'आप की जय' म्हणायचे का. आणि कोणतं गाव, तेही इथे लिहा.