सेल्फ-क्लीन (ओव्हन खूप तापवून आतली घाण जाळणारी सफाई) झाल्यावर ओव्हनचं दार उघडतच नाही, काय करावं?

रात्रभरात ओव्हन गार पडला, तरी 'लॉक'चा दिवा लुकलुकतोय म्हणता, म्हणजे बिघाड बहुधा कुलूप फिरवणाऱ्या छोट्या मोटरचा किंवा तिच्या स्विचचा आहे. हँडल जोरात ओढू नका हो, आतला आकडा वाकला की खर्च वाढतो.

विजेच्या बोर्डावरचा ओव्हनचा ब्रेकर ५ मिनिटं बंद ठेवून चालू करा आणि दाराच्या वर कान देऊन ऐका. बारीक घरघर आली तर मोटर आकडा मागे घेतेय. काहीच नाही, तर सेल्फ-क्लीन पुन्हा लावून मिनिटाभरात रद्द करून बघा. घरघर येते पण दिवा विझत नाही, तर स्विचवर संशय घ्या. तो मल्टीमीटरने (वीज मोजायच्या छोट्या यंत्राने) तपासता येतो, पण ब्रेकर बंद करूनच. अमेरिकेतल्या इलेक्ट्रिक ओव्हनला २४० व्होल्ट असतात. ही सफाई साधारण ४८० अंश सेल्सिअसला चालते, त्या उष्णतेनंच हे भाग जातात. म्हणून पाहुणे यायच्या आदल्या दिवशी ती लावू नका.