शुद्ध, भान, जाणीव, अनुभव: ‘कॉन्शसनेस’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: मेंदूविज्ञानावरच्या एका लेखाचं मराठी करताना ‘कॉन्शसनेस’साठी ‘चेतना’ आणि ‘सब्जेक्टिव्ह एक्स्पिरिअन्स’साठी ‘अनुभूती’ वापरलं, तपासणाऱ्याने दोन्ही खोडून सगळीकडे ‘जाणीव’ केलं. बरोबर काय? आणि मुळात या दोन गोष्टी वेगळ्या आहेत का?

वेगळ्या आहेत. सगळीकडे ‘जाणीव’ लिहिलं तर लेखाचा मुद्दाच हरवेल. पण ‘चेतना’ही नको आणि बहुतेक ठिकाणी ‘अनुभूती’ही नको.

इंग्रजीत ‘कॉन्शसनेस’ हा एकच शब्द निदान तीन कामं करतो. मराठीने ती कामं वाटून दिली आहेत. ओळखायची खूण सोपी आहे: शब्दाला ‘कशाची?’ असं विचारून बघावं. ‘रुग्ण शुद्धीवर आहे’ म्हटल्यावर ‘कशाच्या शुद्धीवर?’ असं कुणी विचारत नाही. शुद्ध असते, नसते किंवा अर्धवट असते. ‘भान’ आणि ‘जाणीव’ यांना मात्र विषय लागतो: वेळेचं भान, धोक्याची जाणीव. नुसतं ‘भान हरपलं’ म्हणतो तेव्हाही देहाचं, आजूबाजूचं हे गृहीत असतं. भान हरपून गाणारा बेशुद्ध नसतो, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तिसरं काम मराठी नामाने करतच नाही, वाक्याच्या रचनेने करते, आणि मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. ‘मी पाहतो’ आणि ‘मला दिसतं’. ‘मी ऐकतो’ आणि ‘मला ऐकू येतं’. पहिल्यात ‘मी’ कर्ता आहे, काहीतरी करतो आहे. दुसऱ्यात माझ्याकडून काही केलं जात नाही, माझ्या वाट्याला काहीतरी येतं आहे. दुखणं, जाणवणं, वाटणं, आवडणं, थंडी वाजणं, भूक लागणं, ही सगळी मंडळी ‘मला’वाली. ज्याला तत्त्वज्ञ ‘सब्जेक्टिव्ह एक्स्पिरिअन्स’ म्हणतात तो हा ‘मला’ आहे. कळ ज्याची त्यालाच येते.

आता ही वाटणी विज्ञानातल्या उदाहरणांना लावून बघू. डोक्याला मार लागलेल्या रुग्णासाठी डॉक्टर ‘ग्लासगो कोमा स्केल’ वापरतात. ते 1974 साली टीसडेल आणि जेनेट यांनी मांडलं. डोळे उघडण्याला जास्तीत जास्त 4 गुण, बोलण्याला 5, हालचालीला 6. एकूण 3 ते 15, आणि 8 किंवा त्याखाली असेल तर दुखापत गंभीर. यात मोजला जातो तो प्रतिसाद, आणि त्यावरून ठरते ती शुद्ध. म्हणून इथे ‘जाणिवेची पातळी’ हे भाषांतर चुकीचं आहे, ‘शुद्धीची पातळी’ हवं. फरक किती महत्त्वाचा आहे ते 2006 साली दिसलं. मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी एका 23 वर्षांच्या तरुणीची मेंदूची चित्रं घेतली. अपघातानंतर तिच्याकडून बाहेरून दिसेल असा कोणताही हेतुपूर्वक प्रतिसाद येत नव्हता. ‘टेनिस खेळता आहात अशी कल्पना करा’, ‘घरातून फिरता आहात अशी कल्पना करा’ या सूचनांनंतर तिच्या मेंदूत निरोगी माणसांसारखीच सक्रियता दिसली. प्रतिसाद नव्हता, म्हणून जाणीव नव्हती असं म्हणता आलं नाही. इथे दोन्हीकडे ‘चेतना’ लिहिणारा भाषांतरकार वाचकापासून बातमीच लपवतो.

उलट बाजूही बघा. शस्त्रक्रियेसाठी कमरेखालची भूल दिलेला माणूस पूर्ण शुद्धीत असतो, बोलतो. पायाला ओढल्यासारखं, दाबल्यासारखं त्याला जाणवू शकतं, पण दुखत नाही. स्वप्नात तर बाहेरच्या खोलीचं भान नसतं आणि तरी दिसतं, ऐकू येतं, भीती वाटते. सर्वांत चमत्कारिक प्रकार अंधदृष्टीचा. डोळे शाबूत, पण मेंदूच्या मागच्या भागातलं प्राथमिक दृष्टिक्षेत्र निकामी झालेलं. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स वाइसक्रान्ट्झ यांच्या गटाने 1974 सालीच अशा एका रुग्णाचं वर्णन केलं. ‘त्या बाजूचं मला काही दिसत नाही’ असं तो सांगे, पण ‘अंदाजाने दाखवा’ म्हटलं की प्रकाशाचा ठिपका कुठे आहे ते योगायोगापेक्षा कितीतरी अचूक दाखवी. त्याला दिसत नव्हतं. तो ओळखत होता. दोन मराठी क्रियापदांत सगळं आलं.

त्याच 1974 साली तत्त्वज्ञ टॉमस नेगल यांचा वटवाघळावरचा प्रसिद्ध निबंध आला, आणि भाषांतरं तिथेच घसरतात. त्यातल्या ‘व्हॉट इज इट लाइक’चं ‘कशासारखं असतं?’ करू नये. नेगल यांनी तळटीप देऊन बजावलं आहे की साम्याबद्दल विचारायचं नाही, ज्याचं त्याला कसं असतं ते विचारायचं आहे. ‘वटवाघूळ झालो तर कसं वाटेल?’ हेही चूक, कारण त्यात वाटणारे आपणच राहतो, वटवाघळाचं सोंग घेतलेले. ‘वटवाघूळ असणं वटवाघळाला कसं वाटतं?’ हेच नेमकं, आणि त्यातला ‘वटवाघळाला’ गाळू नये. सांभाळायचं एवढंच की ‘वाटणं’ मतालाही चालतं: ‘मला वाटतं पाऊस येईल’. संदिग्धता येत असेल तिथे ‘जाणवतं’ घ्यावं.

मग जाणीव आणि अनुभव या दोहोंचं नातं काय? तत्त्वज्ञ नेड ब्लॉक यांनी 1995 साली असा भेद केला: एक जाणीव म्हणजे विचाराला, बोलायला, कृतीला हाताशी असलेली माहिती; दुसरी म्हणजे ते प्रत्यक्ष जाणवणं. तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी त्याच वर्षी विचारलं की पहिलीचं सगळं यंत्र उलगडलं तरी त्याच्यासोबत कुणाला काही मुळात का जाणवावं? दुसरी पहिलीपासून खरंच सुटी होते का, यावर तत्त्वज्ञांत अजून वाद आहे. म्हणून भाषांतरात आधीच दोन्हींना एक शब्द देऊन तो वाद आपण मिटवून टाकू नये.

आता नाकारलेल्या शब्दांबद्दल. ‘चेतना’ हिंदीत या अर्थी रुळलेला आहे, मराठीत त्याचा कल जिवंतपणाकडे, स्फुरणाकडे: अचेतन म्हणजे निर्जीव, चेतवणं म्हणजे पेटवणं. शिवाय शालेय विज्ञानात चेतापेशी आणि चेतासंस्था आधीच बसलेल्या आहेत. गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो ते चेतासंस्थेचं काम, पण त्याला जाणीव लागत नाही. एकाच परिच्छेदात ‘चेता’ आणि ‘चेतना’ आले की वाचक गोंधळणारच. ‘अनुभूती’ सौंदर्याला, अध्यात्माला शोभते. ‘दातदुखीची अनुभूती’ कानाला खटकते. ‘अनुभव’ साधा आणि चांगला, पण ‘पाच वर्षांचा अनुभव’ हा नोकरीतला अर्थ त्याला चिकटलेला आहे. ‘व्यक्तिनिष्ठ’मध्ये पक्षपाताची आणि पुढाऱ्यावरच्या निष्ठेची छटा येते, म्हणून मी ‘आत्मनिष्ठ अनुभव’ घेईन, पहिल्या उल्लेखाला ‘ज्याचा त्यालाच येणारा अनुभव’ असा खुलासा जोडून, आणि पुढे नुसता ‘अनुभव’.

‘जाणीव’ या शब्दामागे जुनी परंपरा आहे. हरिपाठात ‘जाणीव नेणीव’ ही जोडी येते, आणि ‘नेणीव’ आज ‘अनकॉन्शस’ला आयतीच उपयोगी पडते. फक्त ‘जाणिवा’ हे अनेकवचन टाळावं, ते समीक्षेने ग्रामीण जाणिवा, स्त्रीवादी जाणिवा यांसाठी घेतलं आहे. लिहिताना ‘जाणीवेचा’ नव्हे, ‘जाणिवेचा’: सामान्यरूपात ‘णी’ ऱ्हस्व होतो, गरीब–गरिबाचा तसा. ‘जाणीवपूर्वक’ मात्र दीर्घच.

तेव्हा लेखातल्या वाक्यांचं मराठी साधारण असं व्हावं: ‘रुग्ण शुद्धीवर आला.’ ‘त्याला खोलीतल्या माणसांची जाणीव होती.’ ‘पण त्याला काय जाणवत होतं, हे त्याच्या प्रतिसादावरून कळत नव्हतं.’ मूळ इंग्रजीत तिन्ही ठिकाणी तोच एक शब्द असला तरीही.