कलम 6 वर सही करू नका

पुण्याच्या एका वाचकांचं पत्र आहे. त्यांचे मामा 1970 च्या दशकात अमेरिकेत, बफेलोच्या विद्यापीठात नोकरीला होते आणि तिथल्या आधुनिक संगीताच्या मैफली टेपवर घ्यायचे. पुढे पुण्यात परतले, इथेच वारले. कपाटात नऊ रिळं निघाली. एका खोक्यावर बॉलपेननं 'ईस्टमन, 1973' आणि त्याखाली टेपचा वेग, 'साडेसात'. वाचकांनी ते रीळ डिजिटल करून घेतलं, अकरा मिनिटं यूट्यूबवर टाकली. तीन आठवड्यांत लंडनच्या एका रेकॉर्ड कंपनीचा मेल आला: दीड हजार पौंड, चौदा पानी करार, महिनाअखेरपर्यंत सही. त्यांचा प्रश्न एवढाच: "रिळं आमच्या घरातली, म्हणजे हक्क आमचेच ना?"

हे वाक्य मी महिन्यातून दोनदा तरी ऐकतो. कधी वडिलांनी टिपलेली गणेशोत्सवातली मैफल असते, कधी आजोबांच्या गुरुजींची कॅसेट. वस्तूची मालकी वेगळी, कॉपीराइट वेगळा, हे इतक्यांदा लिहून झालंय की आता थेट कराराकडे वळतो.

चौदातली तेरा पानं नेहमीचीच आहेत. पाचव्या पानावरचं कलम 6 मात्र तीनदा वाचा. त्याचा मथितार्थ असा: या ध्वनिमुद्रणातल्या सर्व हक्कांचे तुम्ही एकमेव मालक आहात, आणि उद्या कुणी दावा केला तर कंपनीचा सगळा खर्च, सगळं नुकसान तुम्ही भरून द्याल. रकमेला मर्यादा नाही, मुदत नाही, वाद झालाच तर लवाद लंडनमध्ये. दीड हजार पौंडांत तुम्ही कंपनीचा विमा उतरवताय, आणि हप्ताही तुम्हीच भरणार.

दावा कोण करील? पहिला, रचनेचा हक्कदार. खोक्यावरचा ईस्टमन म्हणजे अमेरिकी संगीतकार ज्युलियस ईस्टमन; तो 1990 मध्ये बफेलोतच वारला, वयाच्या 49 व्या वर्षी. त्याआधी न्यूयॉर्कच्या घरातून त्याला बाहेर काढलं तेव्हा हस्तलिखितांसकट चीजवस्तू गेल्या. वर्तमानपत्रात मृत्यूची बातमी यायलाही आठेक महिने लागले. मेरी जेन लीच या संगीतकार बाईंनी 1998 पासून त्याच्या नोटेशनची आणि टेपांची शोधाशोध केली. 2005 मध्ये जुन्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणांचा तीन सीडींचा संच निघाला. 1974 च्या एका मैफलीची टेप तर 2016 मध्ये बाजारात आली. थोडक्यात, तुमच्या रिळाला आज किंमत आहे ती यामुळे. पण यामुळेच तो आता बेवारस संगीतकार राहिलेला नाही. त्याच्या रचना जी. शर्मर ही मोठी प्रकाशन संस्था सांभाळते. आपल्या कायद्यानं संगीतरचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं, म्हणजे 2050 अखेरपर्यंत. अमेरिकेत साधारणपणे 70 धरा. 'हक्कदार सापडत नाही' म्हणून कॉपीराइट कायद्याच्या कलम 31-अ खाली उच्च न्यायालयात परवाना मागायची वाट त्यामुळे बंद आहे. उघडी असती तरी सुचवली नसती. तारखा मोजत बसायचं तुमचं वय नाही आणि माझंही.

दुसरा, ध्वनिमुद्रणाचा हक्क. आपला कायदा तो 'निर्मात्या'ला देतो, म्हणजे ज्यानं पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली त्याला. मामा हौसेनं स्वतःचं यंत्र घेऊन जात असतील तर तुमची बाजू बरी. पण तुम्ही पाठवलेल्या तिसऱ्या फोटोत रिळाच्या पांढऱ्या कडेवर जांभळा शिक्का आहे. तो मोठा करून पाहिला, विद्यापीठाचा आहे. मामांची नोकरी ध्वनिमुद्रण विभागात होती का, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. असेल, तर हक्क सोडाच, रीळ तरी तुमचं का, इथपासून सुरुवात होईल. अमेरिकी कायदा हा प्रश्न वेगळ्या रीतीनं पाहतो, त्यासाठी तिथला वकील गाठा. वादकांच्या हक्काबद्दलही मी छातीठोक सांगणार नाही. आपल्याकडे तो 1994 च्या दुरुस्तीनं आला. 1973 च्या वादनाला तो किती लागू, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल.

आता तिसरा दावेदार, जो तुमच्या ध्यानीमनीही नसावा. मामा अविवाहित, मृत्युपत्र नाही, त्यांचे आईवडील आधीच गेलेले. हिंदू वारसा कायद्यानं वारस त्यांच्या बहिणी: तुमच्या आई आणि बडोद्याच्या मावशी. भाच्याचा नंबर त्यानंतर. म्हणजे मामांचा काही हक्क असलाच, तर तो त्या दोघींचा. तुम्ही 'एकमेव मालक' म्हणून सही करणार आणि मावशींना मात्र पत्ताही नाही.

त्यात तुम्ही सगळी फाइल कंपनीला आधीच पाठवून दिलीत, 'ऐकून बघा' म्हणून. करार वाचायला नंतर घेतलात. घर विकतानाही किल्ली आधी देता का?

असो. यूट्यूबवरचा तुकडा आजच काढा. आपण फाइल फक्त ऐकण्यासाठी पाठवली होती, प्रकाशनाची परवानगी दिलेली नाही, असा दोन ओळींचा मेल कंपनीला करा. कलम 6 खोडून एवढंच लिहून पाठवा: रीळ आमच्या ताब्यात आहे, मामांकडून आम्हाला जे काही हक्क आले असतील तेवढ्यापुरतीच आमची परवानगी, रचनेची आणि वादकांची संमती कंपनीनं मिळवायची, आमची जबाबदारी कोणत्याही परिस्थितीत मिळालेल्या रकमेपलीकडे जाणार नाही. सह्या आई आणि मावशी दोघींच्या. कंपनी खरी असेल तर मान्य करील, कारण संमतीशिवाय तिलाही रेकॉर्ड काढता येणार नाही. 'महिनाअखेर' ही मुदत त्यांची आहे, कायद्याची नाही.

बफेलो विद्यापीठाच्या संगीत ग्रंथालयात त्या काळातल्या मैफलींचं ध्वनिमुद्रण जपलेलं आहे. हीच मैफल तिथे आहे का, ते तारीख कळवून विचारा. पण विचारण्याआधी मामांचं नेमणूकपत्र शोधा. आणि तो तिसरा फोटो कंपनीलाही गेलाय का, तेवढं मला कळवा.