आदिवासींच्या वस्तू संग्रहालयात ठेवल्या तर बिघडतं कुठे? त्यामुळे जपल्याच जातात ना?

बिघडतं. मी नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातला भिल्ल. ‘जपल्या जातात’ हे ऐकून ऐकून कान किटले, म्हणून लिहितोय.

आमच्याकडच्या काठी गावच्या होळीला बुध्या, म्हणजे नवसाने नाचणारा, होणारा माणूस आधी पालनी पाळतो, म्हणजे व्रताचे कडक नेम. खाटेवर झोपत नाही, पायात काही घालत नाही. मग अंगावर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला वाळके भोपळे नि घुंगरू. होळीनंतर विधी करून पालनी सोडायची, तेव्हाच तो साज उतरतो. माझे काका कित्येक वर्षं बुध्या व्हायचे. त्यांना शहरात दवाखान्यात नेलं होतं, हाताशी वेळ होता म्हणून तिथलं संग्रहालय दाखवायला घेऊन गेलो. काचेमागे काळाकुट्ट रंगवलेला पुतळा, अंगावर बुध्याचा सगळा साज. खाली पाटी, ‘भिल्ल नर्तक’. गावाचं नाव नाही, टोप कोणी बांधला ते नाही. काकांनी विचारलं, “याची पालनी कोणी सोडवली?” कर्मचारी म्हणाला, “बाबा, पुतळा आहे तो.” काका पुढची दालनं न बघता बाहेर जाऊन बसले. मला राग आला होता; ते मात्र घाबरले होते. बारा महिने नेमात उभा ठेवलेला माणूस त्यांनी पाहिला होता.

शहाद्याचा माझा एक शिक्षक मित्र यावर कायम म्हणतो, “निदान उरलं तरी.” अरे, संपलंय कुठे? काठी, मोलगी, धडगावकडे आजही टोप बांधले जातात. विचारायला काय जातं? अमेरिकेत जानेवारी २०२४ पासूनच्या नियमांनुसार सरकारी निधी घेणाऱ्या संग्रहालयांना तिथल्या मूळ जमातींच्या पवित्र वस्तू त्यांच्या संमतीशिवाय मांडता येत नाहीत. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने तेव्हा दोन अख्खी दालनं बंद केली. इतकं लांब कशाला, भोपाळमध्ये मजुरी करणाऱ्या भिल्ल भुरीबाईंना चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी कागद-रंग दिले. चित्रं भुरीबाईंच्याच नावाने ओळखली गेली, २०२१ साली पद्मश्रीही मिळाली.

हां, सगळंच पवित्र नसतं. टोपली, तीरकामठा, बासरी खुशाल ठेवा. आमच्याकडे त्या बाजारात विकायलाच येतात. आणि माझं मत म्हणजे आमच्या भागातल्या सगळ्या पावरा, मावची, तडवी आदिवासींचं मत नव्हे.

तुम्ही संग्रहालयात गेलात तर वस्तू कोणत्या गावातून, कोणाकडून, काय देऊन आणली याची नोंद मागा. ती नोंदच नसेल, तर माझ्या मित्राने सांगावं, नेमकं काय जपलं?