गायरानातली चुनखडीची गुहा: सातबाऱ्यावर 'सरकार' असून भागत नाही

प्रश्न असा आहे: वणी-कोरपना पट्ट्यात गायरानातल्या चुनखडकात खोल गुहा सापडली आहे. जमीन सरकारी, म्हणजे ती सुरक्षितच ना? आणि तोंडाला दार बसवून पर्यटनस्थळ करावं का?

सुरक्षित नाही. दाराची घाई नको, पर्यटन तर आत्ता मुळीच नको.

जमीन सरकारी असली की खाणपट्टा देणं उलट सोपं जातं, कारण खाजगी मालकाशी बोलणी करावी लागत नाहीत. विशाखापट्टणमकडच्या बोर्रा गुहांचा परिसर राखीव वनाचा, तरी तिथे खाणपट्टे दिले गेलेच होते. त्यावरच्या 'समता' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 11 जुलै 1997 ला सांगितलं की अनुसूचित क्षेत्रातली सरकारी जमीनसुद्धा बिगर-आदिवासी खाजगी कंपन्यांना पट्ट्याने देता येणार नाही. मात्र तो निकाल आंध्रच्या 1959 च्या जमीन हस्तांतरण विनियमावर उभा आहे. तुमच्या अर्जात नुसतं 'समता लागू' लिहून अर्ज टिकणार नाही. पेसाचाही (अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आधार अपुरा आहे. तुमचं गाव अनुसूचित क्षेत्रात असलं तरी ग्रामसभेची शिफारस बंधनकारक आहे ती वाळू-मुरुमासारख्या गौण खनिजांच्या पट्ट्यांना, आणि सिमेंटचा चुनखडक प्रमुख खनिजात मोडतो.

म्हणून आधी सातबारा आणि गावनकाशा काढा. गुहेचं तोंड ज्या गटात आहे तेवढाच गट पाहू नका. आतले बोगदे शेजारच्या गटांखाली गेलेले असतात. मग जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे माहिती अधिकारात विचारा की या गटांवर खाणपट्टा किंवा लिलावासाठी आखलेला खनिज ब्लॉक आहे का. 2015 पासून पट्टे लिलावाने जातात, त्यामुळे हरकत लिलावाच्या आधी पोचायला हवी. बोली लागल्यावर उरते ती पर्यावरण मंजुरीची जनसुनावणी, आणि तिथे फार उशीर झालेला असतो.

संरक्षणासाठी सगळ्यात जवळचा रस्ता जैवविविधता कायदा 2002 च्या कलम 37 चा, म्हणजे जैवविविधता वारसा स्थळाचा. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने गुहेतले जीव लोक जैवविविधता नोंदवहीत घ्यावेत, ग्रामसभेने ठराव करावा आणि प्रस्ताव नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाकडे जावा. आंबोलीत हिरण्यकेशी मंदिराजवळच्या पाण्यातल्या एका छोट्या माशासाठी 2021 मध्ये असंच स्थळ घोषित झालं, तेव्हा 'एवढ्याशा जागेला कोण विचारतो' असं म्हणू नका. ठरावात गट नंबर लिहा, तोंडाचे जीपीएस आकडे नकोत. अमेरिकेच्या 1988 च्या गुहा संरक्षण कायद्यात संघराज्याच्या जमिनीवरच्या महत्त्वाच्या गुहांची ठिकाणं गोपनीय ठेवण्याची तरतूद आहे, ती लवणस्तंभ (गुहेत चुना साचून झालेले खांब) तोडून नेण्यासारखी नासधूस टाळण्यासाठी.

प्रस्तावाची सीमा आखताना बहुतेकजण चुकतात. तोंडाभोवती एक चौकोन काढतात आणि वरची टेकडी विसरतात. पावसाचं पाणी मातीतून जाताना तिथला कार्बन डायऑक्साइड उचलतं. झाडांच्या मुळांमुळे तो हवेपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. हे आम्लधर्मी पाणी चुनखडक विरघळवतं, गुहेत ठिबकताना वायू सोडतं आणि चुना मागे राहतो. लवणस्तंभ असे वाढतात, बऱ्याचदा वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. वरची झाडी गेली की ठिबकणारं पाणी बदलतं किंवा आटतं. शिवाय चुनखडकात पाणी भेगांतून थेट धावतं, मातीसारखं गाळलं जात नाही. विलयविवरात (चुनखडक विरघळून जमिनीत पडलेल्या खड्ड्यात) मेलेली जनावरं टाकली, किंवा कपाशीवर मारलेल्या कीटकनाशकांचे रिकामे डबे, तर ते विष गुहेत आणि खालच्या झऱ्यात उतरतं. म्हणून पाणी जिथून येतं ती सगळी जमीन सीमेत घ्या. पाण्याची वाट शोधायला फ्लुरोसीन रंग वापरतात, पण ते काम जाणकार भूजलतज्ज्ञांकडूनच करून घ्या आणि गावाला आधी सांगा, नाहीतर विहिरीचं पाणी हिरवं दिसलं की गोंधळ होईल.

आता दार. भरीव पत्रा किंवा भिंत कधीच नको. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या वायंडॉट गुहेच्या तोंडाशी दगडी भिंत घातल्यावर हवेचा प्रवाह अडला, आतलं तापमान वाढलं आणि हिवाळ्यात तिथे राहणारी वटवाघळं घटली. भिंत काढल्यावर ती पुन्हा वाढली. तिकडची रूढ जाळी म्हणजे सुमारे 100 मिमीचे आडवे अँगल, दोन अँगलमध्ये 146 मिमी मोकळी जागा आणि उभे खांब शक्य तितके कमी. माणूस त्यातून शिरत नाही, छोटं वटवाघूळ जातं. पण ती मापं तिकडच्या छोट्या कीटकभक्षींसाठी आहेत. आपल्या गुहांत राहणारी फळखाऊ वटवाघळं अंगाने मोठी असतात. ती असतील, किंवा पिल्लं वाढवणारी मोठी वसाहत असेल, तर जाळी सोडून तोंडापासून थोडं लांब कुंपण घाला. कोणती आहेत ते आधी बाहेर बसून, तिन्हीसांजेला, लाल दिव्यात मोजून ठरवा. वसाहत आत असताना वेल्डिंग नको.

पर्यटनाचा आग्रह झालाच तर फ्रान्समधलं लास्को आठवा. माणसांच्या श्वासामुळे आणि दिव्यांमुळे तिथल्या भिंतींवर शेवाळ आलं आणि 1963 मध्ये ती गुहा लोकांसाठी बंद करावी लागली. दिवे लागायच्या आधीचे आकडे नसतील तर बिघाड दाखवायचा कसा? म्हणून किमान एक वर्ष तोंडाशी, मध्ये आणि सर्वात आत असे तीन लॉगर (आपोआप नोंद ठेवणारी छोटी यंत्रं) लावून दर तासाला तापमान-आर्द्रता नोंदवा. आत जाणाऱ्याने एन-95 मास्क लावावा, वटवाघळांच्या सुकलेल्या विष्ठेच्या धुळीतून बुरशीजन्य आजार होतो. पावसाळ्यात मात्र कोणीच आत जायचं नाही. वर दूरवर पाऊस पडला तरी आतला ओढा काही मिनिटांत भरू शकतो.