परदेशातले इग्बो लोक संस्था काढून आपली संस्कृती कशी टिकवतात? आमच्या मराठी मंडळाला त्यातून काही घेता येईल का?

प्रश्नकर्त्यांची अडचण थोडक्यात अशी: त्यांच्या शहरातल्या मराठी मंडळाच्या गणपतीला हॉल भरतो, पण वार्षिक सभेला कोरम होत नाही. शेजारच्या नायजेरियन इग्बो संस्थेच्या मात्र दर महिन्याच्या बैठकीलाही गर्दी असते. त्यांना हे कसं जमतं?

जमतं, कारण ती संस्था नाचगाण्यासाठी काढलेलीच नसते. घरात कुणी गेलं तर खर्चाला आणि सोबतीला कोण येणार, आणि गावात आपलं नाव कसं राहणार, या दोन गोष्टींसाठी ती असते. सण, भाषा, मुखवटे हे सगळं त्या पायावर उभं राहतं. पाया न घालता नुसते कार्यक्रम करणाऱ्या इग्बो संस्थाही आहेत, आणि त्यांची गत तुमच्या मंडळासारखीच होते.

आग्नेय नायजेरियातल्या अनाम्ब्रा, एनुगू, इमो, अबिया, एबोनी या राज्यांत गावोगावी ‘टाउन युनियन’ असतात. इंग्रजी अमदानीत लोक लागोस, पोर्ट हारकोर्ट, जोस, कानो इथे नोकरीधंद्याला गेले आणि त्यांनी तिथे आपापल्या गावाच्या युनियन काढल्या. वर्गणीतून गावात शाळा बांधायची, हुशार पोराला शिकायला पाठवायचं, अशी कामं त्या करत. 1966 मध्ये लष्करी राजवटीनं वांशिक संघटनांवर बंदी घातली, तीत या गावोगावच्या युनियनांची मिळून बनलेली इग्बो स्टेट युनियन गेली. 1967 ते 1970 मध्ये बियाफ्रा या नावानं हा प्रदेश नायजेरियातून वेगळा होऊ पाहत होता; त्या युद्धानंतर मोडलेली गावं सावरायला पुन्हा गावच्या युनियनच पुढे आल्या. ओहानेझे न्दीग्बो ही शिखर संघटना 1976 ची. लंडन किंवा ह्यूस्टनमधल्या संस्था याच जुन्या सवयीतून आल्या आहेत. म्हणून एका शहरात सर्व इग्बोंची एक मोठी संस्था असते आणि शिवाय एकेका गावाच्या छोट्या शाखा असतात. बरीच कुटुंबं दोन्हीकडे वर्गणी भरतात.

आता मृत्यूनिधी. माझ्या मते सगळ्यात बारकाईनं अभ्यासावा असा भाग हाच. माणूस कुठेही मरो, त्याला शक्यतो स्वतःच्या गावात, घराच्या आवारात पुरायचं ही इग्बोंची घट्ट रीत आहे. परदेशातून शव नेणं महाग, आणि गावी अंत्यविधीला येणाऱ्या शेकडो माणसांचं जेवणखाण त्याहून महाग. म्हणून घटनेतच लिहिलेलं असतं की सभासद, जोडीदार, मूल किंवा आईवडील गेले तर ठरावीक रक्कम मिळेल. समजा साठ कुटुंबं आहेत आणि प्रत्येकी 100 डॉलर ठरलेत, तर 6,000 डॉलर होतात. हे पैसे मृत्यूनंतर गोळा करायला निघालात तर महिना जातो आणि दर वेळी तीच दहा माणसं टाळतात. त्यामुळे निधी आधीच भरून ठेवायचा आणि एक रक्कम गेली की 30 दिवसांत पुन्हा भरायचा, हे बरं. वर्गणी पूर्ण भरलेल्याला ‘फायनान्शिअल मेंबर’ म्हणतात, आणि हक्क फक्त त्यालाच. नव्या सभासदाला सहा महिने ते वर्षभर थांबावं लागतं, नाहीतर गावी आई अत्यवस्थ झाली की लोक नाव नोंदवायला येतात. भांडण हमखास कुठे होतं? दोन सख्खे भाऊ सभासद आहेत आणि वडील एकच. रक्कम एकदा द्यायची की दोनदा, हे त्या दिवशी ठरवता येत नाही. आधी लिहून ठेवावं लागतं. सासूसासऱ्यांचंही तसंच.

याच्या जोडीला ‘इसुसू’ चालते. म्हणजे आपली भिशीच. ती संस्थेच्या खात्यातून कधीही फिरवू नये. एकानं मध्येच हप्ते बुडवले तर आळ संस्थेवर येतो.

बैठकीची शिस्तही पाहण्यासारखी असते. अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांच्याशिवाय ‘फायनान्शिअल सेक्रेटरी’ हे वेगळं पद असतं: पैसे तो घेतो आणि नोंदवतो, बँकेत भरतो खजिनदार. एकाच माणसाकडे दोन्ही कामं दिली की संशयाला जागा होते. मग ‘प्रोव्होस्ट’. उशिरा येणाऱ्याला, मध्येच बोलणाऱ्याला, फोन वाजणाऱ्याला तो तिथल्या तिथे दंड करतो, आणि अध्यक्षही सुटत नाही. सभा गोंगाटात गेली की कुणीतरी उभं राहून ‘इग्बो, क्वेनू!’ अशी आरोळी देतं, सगळे ‘याऽ!’ म्हणतात, असं काही वेळा झालं की खोली शांत. मतदान शेवटचा उपाय. कुळातल्या पुरुषांची सभा, म्हणजे ‘उमुन्ना’, जशी एकमत होईस्तोवर बोलते तशी इथेही बोलते, म्हणून दोनची सभा सातपर्यंत जाते. लग्न होऊन गेलेल्या कुळाच्या लेकी, म्हणजे ‘उमुआदा’, यांचाही मान मोठा असतो. तंटा चिघळला तर त्यांचा शब्द पुरुषांना टाळता येत नाही.

कुठल्याही बैठकीची सुरुवात ओजीनं, म्हणजे कोला नट या कडवट बीनं होते. इथे नवख्या समितीची पहिली चूक खरेदीत होते. आफ्रिकी दुकानात सहज मिळतो तो बहुधा ‘ग्वोरो’: त्याचे दोनच भाग होतात आणि विधीला तो चालत नाही. हवा असतो ‘ओजी इग्बो’, ज्याचे तीन, चार, पाच असे भाग निघतात. दुकानदाराला नाव सांगूनच मागावा. आणल्यावर ओलसर कागदात किंवा फडक्यात गुंडाळून, पिशवीचं तोंड थोडं उघडं ठेवून फ्रीजमध्ये ठेवायचा. कोरडा पडला तर कडक होतो, फार ओल राहिली तर बुरशी धरते, आणि बारीक भोक दिसलं तर आत भुंगा आहे असं समजून टाकून द्यायचा. सोबत अॅलिगेटर पेपर या तिखट मसाल्याच्या शेंगा. ओजी न मिळाल्यास छोटी कच्ची वांगी आणि शेंगदाण्याची तिखट चटणी ठेवतात.

यजमान ओजी दाखवतो, थाळी मानाप्रमाणे पाहुण्यांच्या हातातून फिरून यजमानाकडे परत येते, मग वडीलधारा प्रार्थना करतो. ती इग्बोतच. ‘ओजीला इंग्रजी कळत नाही’ असं ते हसत म्हणतात, पण नियम पक्का. त्यामुळे वर्षातून बारा वेळा तरी पोरांच्या कानावर जुनी, भारदस्त इग्बो पडते. मग ओजी फोडून भाग मोजतात. चार निघाले तर इग्बो आठवड्यातले बाजाराचे चार दिवस, शुभ. फोडायचा कुणी, हे मात्र गावागणिक बदलतं, आणि बायकांनी फोडू नये या रूढीवर परदेशात वाढलेल्या मुली आता सरळ प्रश्न विचारतात. समितीनं हे आदल्या दिवशी ठरवावं, भर सभेत नव्हे.

मोठा सण ‘इरी जी’, नव्या यामचा, म्हणजे त्यांच्या मुख्य पिकाच्या जाड कंदाचा. ऑगस्टपासून पुढे केव्हाही. वडीलधारा पहिला याम कापतो आणि मगच बाकीचे खातात. हिशोब सांगतो: माणशी दीडशे ग्रॅम धरले तर शंभर जणांना 15 किलो, साल आणि खराब भाग धरून 19 किलो, म्हणजे अडीच-अडीच किलोचे आठ कंद. कोळशावर मंद आचेवर आतपर्यंत शिजेस्तोवर फिरवत भाजायचे आणि काळी साल सुरीनं खरवडायची. आच मोठी झाली तर वरून कोळसा, आत कच्चा. ऑगस्टमध्ये दुकानात गेल्या हंगामाचेही कंद असतात. डोक्याकडे कोंब फुटलेला असेल तर तो जुना. नव्या यामच्या सणाला जुना याम म्हणजे म्हाताऱ्यांची वर्षभर बोलणी. लाल पाम तेल थंड देशात थिजतं, म्हणून बाटली कोमट पाण्यात ठेवावी. जाता जाता: त्या दिवशी बायका नेसतात ते ‘जॉर्ज’ कापड मूळ आपल्या मद्रासचं, आजही मोठ्या मानाचं.

मुखवट्यांचं, म्हणजे ‘म्मान्वू’चं, परदेशात जपून करावं. नर्तक कोण हे कुणाला कळता कामा नये, म्हणून वेगळं दार असलेली खोली लागते. राफियाच्या, म्हणजे ताडासारख्या झाडाच्या धाग्यांच्या, पोशाखाला आग लवकर लागते, तेव्हा जवळ चूल नको. सोबत्यांच्या हातातल्या छड्या घरीच ठेवाव्यात, नाहीतर पोलीस येतात. युनेस्कोच्या यादीत 2009 साली गेलेला ‘इजेले’ हा मुखवटा सुमारे चार मीटर उंच असतो. तो सभागृहाच्या दारातून जाणारच नाही.

भाषेचा वर्ग हा बहुतेक संस्थांचा कच्चा दुवा. शनिवारी मुलं अंक आणि रंग पाठ करतात आणि पाच वर्षांनीही तेच. पहिली अडचण बोलीची: अनाम्ब्राची आई आणि इमोचे वडील वेगळं बोलतात, शिक्षक तिसरंच. वाचायला ‘इग्बो इझुग्बे’ ही प्रमाण भाषा आणि बोलायला घरची बोली, एवढा करार पुरतो. दुसरी स्वरांच्या चढउताराची. ‘अक्वा’ या अक्षरांचे सूर बदलले की रडणं, कापड, अंडं, पलंग असे अर्थ होतात, आणि नुसतं छापील पुस्तक वाचून ते साधत नाही. 1961 पासूनच्या ओन्वू लिपीत 36 अक्षरं आहेत, त्यांत काही स्वरांखाली टिंब; फोनवर टिंबांचा कीबोर्ड पहिल्याच दिवशी बसवून द्यावा, नाहीतर कुणीच टिंबं देत नाही. मुलांना खरा रस येतो तो बाजाराच्या वारात. एके, ओरिये, आफो, एन्क्वो असा चार दिवसांचा आठवडा. ओकेके, ओकोरिये, ओकाफोर, ओकोन्क्वो ही नावं त्यांवरूनच. मुलाचा जन्मवार काढायला गावाहून एका तारखेचा वार विचारून घ्यायचा, दोन तारखांमधले दिवस मोजायचे आणि चारनं भागायचं. बाकी शून्य तर तोच वार, एक तर पुढचा. जन्म त्या तारखेच्या आधीचा असेल तर उलट मागे मोजायचं. दिवस स्प्रेडशीटमध्ये मोजावेत. हातानं वर्षं गुणली की लीप वर्षात गाडी घसरते.

फूट पडते ती बहुधा मानापानावरून. गावाबाहेर ‘एझे न्दीग्बो’, म्हणजे इग्बोंचा राजा, म्हणवून घेणारे निघतात; घानात 2025 मध्ये नायजेरियनांविरुद्ध झालेल्या निदर्शनांत हाही मुद्दा निघाला. इग्बोंना राजा नसतो ही त्यांची जुनी म्हण, तरी मोह सुटत नाही. घटनेतच लिहावं की संस्था पदव्या देणार नाही, आणि अध्यक्ष दोन मुदतींच्या पुढे राहणार नाही.

तुम्ही अमेरिकेत असाल आणि निधी सुरू करणार असाल तर एवढं पाहा. 501(सी)(3) या कलमाखाली धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेचे पैसे सभासदांना हक्क म्हणून वाटता येत नाहीत, म्हणून मृत्यूनिधीची संस्था आणि खातं वेगळं ठेवा. उत्पन्न साधारण 50,000 डॉलरच्या आत असेल तर दर वर्षी करखात्याकडे 990-एन हा छोटा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. जानेवारी ते डिसेंबर हिशेब असेल तर 15 मेपर्यंत. सलग तीन वर्षं राहिला तर करमाफी आपोआप जाते, आणि ती जाते बहुधा जुन्या सचिवाकडेच पासवर्ड राहिला म्हणून. पदभार देण्याच्या यादीत पासवर्ड, बँकेच्या सह्या आणि सभासदांची वही या तीन गोष्टी पहिल्या लिहा.